बहाव्याची वही

नागपुरात फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सच्या बाजूने चढत जाणाऱ्या एका रस्त्याच्या कडेला मध्यम उंचीचा एक बहावा आहे. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, म्हणजे २०१८ च्या उन्हाळ्यापासून, मी त्याची नोंद ठेवत आले आहे. त्यासाठी निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही केली आहे. तिच्यात प्रत्येक वर्षाला एक पान आणि प्रत्येक पानावर पाच तारखा असतात. जुनी पाने जवळजवळ सगळी गळाली तो दिवस, पहिली कळी, पहिले उमललेले फूल, सबंध झाड पिवळे दिसले तो दिवस आणि पहिली हिरवी शेंग दिसली तो दिवस. २०२० चे पान टाळेबंदीमुळे कोरे आहे. ते अंदाजाने भरून टाकण्याचा मोह मला एकदा झाला होता. पण ज्या झाडाखाली मी त्या वर्षी उभीच राहिले नाही, त्याच्या तारखा लिहिण्याचा मला अधिकार नाही असे वाटून ते पान मी तसेच ठेवले. दोनशे पानांच्या वहीत वर्षाला एकच पान लागते, हे आईच्या लक्षात आले तेव्हा ती वही चाळत म्हणाली, "एवढी वही भरायले कोण राह्यते व?" मी उत्तर दिले नाही, कारण तो प्रश्न माझ्याही मनात कधीपासून होता आणि वहीपेक्षा तो माझ्याविषयीच अधिक होता.

मी सत्तावीस वर्षांची आहे आणि नागपुरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे घेतलेल्या प्रत्येक तासाचे मानधन. पावसाळ्याच्या सुरुवातीला जाहिरात येते, मुलाखत होते, नेमणूक त्या सत्रापुरती मिळते आणि सत्र संपले की ती आपोआप संपते. महिन्याच्या शेवटी घेतलेल्या तासांचे बिल भरून द्यायचे, आणि ते पैसे कधी दोन तर कधी चार महिन्यांनी खात्यात जमा होतात. दिवाळीच्या सुट्टीत तास नसतात म्हणून मानधन नसते, उन्हाळ्यातही नसते. बहावा ज्या दिवसांत भरून फुलतो त्या दिवसांत मी कागदोपत्री बेरोजगार असते. हे माझे चौथे सत्र आहे. शिकवणे मला मनापासून आवडते, इतके की आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकाची तयारी करताना झोप येत नाही. आणि तरीही पहिल्या वर्षाच्या मुलांना "पुढच्या वर्षी आपण स्वतःचा वनस्पतिसंग्रह तयार करू" असे सांगताना माझी जीभ अडखळते. पुढच्या वर्षी त्यांच्यासमोर मीच असेन, असे मला कोणी सांगितलेले नाही.

आमचे घर चितार ओळीजवळच्या एका गल्लीत आहे. गणपतीच्या आधी दोन महिने आमच्या रस्त्याला ओल्या मातीचा वास असतो आणि मेट्रोच्या जिन्यावरून उतरताना खाली रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगा दिसतात. आई या घरात लग्न होऊन आली तेव्हा माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साच्यांवर काम करत होते. तिच्या बोलण्यात 'पर्मनंट' हा शब्द ज्या आदराने येतो, त्याचे मूळ त्या घरात आहे. मिलचा भोंगा वाजला की घरातला चहा ठेवला जाई, पगाराच्या तारखेला किराणा येई आणि दिवाळीच्या बोनसवर वर्षाची मोठी खरेदी ठरे. ती नातेवाइकांच्या लग्नात मला विचारते, "तुझं पर्मनंटचं काय झालं व?", तेव्हा तिला केवळ पगार अभिप्रेत नसतो, सबंध घराला ज्या ठोक्यावर चालता येते, असा एक ठोका तिला माझ्यासाठी हवा असतो. त्याबद्दल मला तिचा राग कधीच आला नाही.

मात्र आजोबांनीच मला त्या शब्दाची दुसरी बाजूही सांगितली होती. जमशेटजी टाटांनी ती मिल १ जानेवारी १८७७ रोजी, जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेत भर घालून सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले आणि त्यावरून मिलला नाव मिळाले. शंभरावर वर्षे ती चालली. १९८६ साली ती मूळ मालकांच्या हातून राज्य सरकारकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मोठा मॉल आहे. आजोबा त्यापूर्वीच निवृत्त झाले होते, पण त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे झाली नव्हती. मला मॉलमध्ये एकदा त्यांच्यासोबत गेल्याचे आठवते. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी थांबून त्यांनी हाताने एक दिशा दाखवली आणि आपले खाते कुठे होते ते सांगण्याचा प्रयत्न केला, पण भिंतीच राहिल्या नसल्याने त्यांना ते नीट सांगता येईना. "तवा आमाले वाटे का हे कधी बंदच नाई होणार," एवढेच ते म्हणाले. आईला जे हवे आहे ते मलाही हवे आहे. पण ते मिळाल्यावर चिंता संपेल, असा भरवसा मला आजोबांच्या त्या हाताकडे पाहिल्यापासून राहिलेला नाही.

बहाव्याकडे मला त्यांनीच आणले. ते मूळचे उमरेडकडचे, जंगलालगतच्या गावातले. मोहफुले, टेंभरे, चारे वेचण्यात बालपण गेलेले. शहरात चाळीस वर्षे काढूनही रस्त्यावरून जाताना ते झाडाला नावाने ओळखत. ऐन, धावडा, शिवण, मोई, बिबा ही नावे मी पुस्तकात वाचण्याआधी त्यांच्या तोंडून ऐकली, आणि पुढे लॅटिन नावे पाठ करताना मला कधीच कंटाळा आला नाही, कारण प्रत्येक लॅटिन नावामागे मला त्यांचे एक वाक्य आठवे. बहावा भरून फुलला की दीड महिन्याने पाऊस लागतो, असे ते सांगत. ते खरे की खोटे, हे पाहण्यासाठीच मी वही सुरू केली.

आठ उन्हाळ्यांनंतरही मला त्याचे उत्तर देता येत नाही, आणि हे मला निराशेचे वाटत नाही. पहिले फूल कधी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिसले, कधी मे उजाडल्यावर. एका वर्षी अवकाळी पावसाने अर्धे घोस झडले आणि उरलेले झाड पुन्हा नव्याने कळ्या धरू लागले. एका झाडाच्या आठ वर्षांच्या नोंदीवरून, त्यातही एक पान कोरे असताना, काहीही सिद्ध होत नाही. निदान वीस-पंचवीस वर्षांच्या तारखा एका ओळीत मांडल्यावरच बहर खरोखर अलीकडे सरकतो आहे की नुसता मागे-पुढे हेलकावतो आहे, हे कळू लागते. या शहराच्या हवेबद्दल मला भीती वाटते, ती खोटी नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तेव्हा मी शाळेत होते आणि आजोबा दर अर्ध्या तासाने कूलरच्या ताट्यांवर स्वतःच्या हाताने पाणी मारत होते. त्यानंतर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत माणसे झोपेत असताना घरांत पाणी शिरले. अशा वेळी आपण पाच तारखांची वही घेऊन काय करतो आहोत, असे वाटते खरे. तरी मी ती ठेवते, कारण पुढे कोणाला या रस्त्याचा, या झाडाचा प्रश्न पडला तर त्याला हाताने लिहिलेले काहीतरी मिळावे.

माझ्या चिंतेचे खरे रूप मला फार उशिरा कळले. पैशांची ओढाताण असते, पण तिच्याशी जमवून घेता येते. मी सकाळी शिकवणीवर्गही घेते. अवघड असते ते हे की माझ्या आयुष्यातले सगळे बेत एप्रिलपर्यंत येऊन थांबतात. गाडी घ्यायची का, पीएच.डी.साठी नोंदणी करायची का, घरात येणाऱ्या स्थळाला काय सांगायचे, या प्रत्येक प्रश्नाला मी 'सत्र संपल्यावर बघू' असे उत्तर देते. आणि याच काळात, याच डोक्याने, मी एका झाडाबद्दल वीस वर्षांच्या अंतराने विचार करू शकते. 'दहा वर्षांनी' हा शब्द मी न अडखळता वापरते तो केवळ या वहीच्या संदर्भात. माझे छंद म्हणजे कामातून मिळालेला विरंगुळा, असे मी पूर्वी समजत होते. आता वाटते की लांबचा काळ माझ्यापुरता शिल्लक आहे तो तेवढ्याच जागेत.

परीक्षांनी या काळाचे आणखी बारीक तुकडे केले. २०२४ च्या जूनमध्ये माझी एक मैत्रीण, जी मराठी साहित्य शिकवते, १८ तारखेला नेटचा, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, पेपर देऊन आली आणि दुसऱ्या दिवशी रात्री ती परीक्षाच रद्द झाल्याची बातमी आली. विज्ञान विषयांची आमची नेट २५ जूनपासून होणार होती; ती २१ जूनला पुढे ढकलली गेली आणि अखेर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली. त्या महिन्याभरात मी अभ्यासिकेत जाऊन बसत असे, पुस्तक उघडे असे आणि एकच पान तासभर समोर राही. शेजारच्या टेबलावर राज्यसेवेची तयारी करणारी मुले होती, काहींचे ते पाचवे-सहावे वर्ष होते. डबा खाताना कोणी कोणाला निकालाबद्दल विचारत नसे. पुढे मी सेट, म्हणजे तशीच राज्य पातळीवरची परीक्षा, उत्तीर्ण झाले, तेव्हा घरात पेढे आले. पण पात्रता मिळाली म्हणून जागा निघते असे नाही, हे बाबांना समजावून सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

बाबा कळमना बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितात. संत्र्याच्या हंगामात ते रात्री उशिरा घरी येतात आणि त्यांच्या शर्टाला सालीचा तेलकट, गोडसर वास असतो. मागच्या डिसेंबरात त्यांच्या ओळखीच्या एका बागाइतदाराकडे, काटोलजवळ, आम्ही दोघे गेलो होतो. बाग पाहून मी चरकले. पाने मलूल होऊन मुडपली होती, बरीचशी खाली गळाली होती, आळी कोरडी ठणठणीत होती. बागाइतदारकाका शांतपणे म्हणाले, "ताणावर सोडली आहे, बाई." आंबिया बहर घ्यायचा तर झाडाची वाढ थांबवावी लागते, पाणी तोडावे लागते, म्हणजे त्याच्या अंगातला साठा पालवीत खर्च न होता फुलाकडे वळतो. हे मी वर्गात शिकवलेही होते. पण ताणाचे मोजमाप किती काटेकोर असते, ते मी तिथे पाहिले. जमीन हलकी असेल तर दिवस कमी, भारी काळी असेल तर जास्त. काका रोज सकाळी बागेत फिरून पानांकडे पाहत होते. किती पाने पिवळी पडली, किती गळाली, फांदीचे टोक वाळू लागले का, यावरून ताण तोडायचा दिवस ते ठरवणार होते. तो दिवस आला की पहिले पाणी हलके द्यायचे, एकदम भरपूर नाही. "दोन दिवस लवकर तोडला तं फुल कमी येते, अन् आठ दिवस उशीर केला तं झाडच जाते," ते म्हणाले. परतीच्या बसमध्ये मी बराच वेळ गप्प होते. आम्हीही स्वतःविषयी बोलताना तोच शब्द वापरतो. प्रत्येक जण म्हणतो, ताण आहे. पण आमच्या ताणाचे दिवस कोणी ठरवलेले नाहीत, आमच्या पानांकडे रोज सकाळी येऊन पाहणारे कोणी नाही, आणि अभ्यासिकेतल्या त्या सहाव्या वर्षाच्या मुलाचा ताण कोणत्या तारखेला तोडायचा, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवू इच्छीत नाही.

माझ्या वर्गातल्या अर्ध्याहून अधिक मैत्रिणी पुण्याला किंवा बंगळुरूला गेल्या. येथून निघणे दर वर्षी अधिक सोपे होत आहे. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला आहे, आणि रात्री सीताबर्डीवरून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या खिडकीतून हात हलवणारे एक तरी ओळखीचे तोंड मला दर महिन्याला दिसते. रविवारी सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर जमणारे आमचे टोळके सात जणांवरून तिघांवर आले. मलाही पुण्यातल्या एका कंपनीतून विचारणा झाली होती, वनस्पतींच्या छायाचित्रांना नावे लावून संगणकाला शिकवण्याच्या कामासाठी. पगार आजच्यापेक्षा दुप्पट होता. मी नाही म्हटले. ते शहाणपणाचे होते की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्याच सुमाराला पहिल्या वर्षाच्या एका मुलाने प्रात्यक्षिकाच्या तासाला मला विचारले, "मॅडम, फोनवर फोटो काढला का नाव येते झाडाचं. मग आम्ही हे काऊन शिकायचं?" प्रश्न प्रामाणिक होता आणि वर्ग शांत झाला. मी त्याला सांगितले की नाव बहुधा बरोबर येईल, आणि नंतर त्याच्या हातात बहाव्याचे एक ताजे फूल, एक हस्तभिंग आणि एक सुई दिली. किती पुंकेसर आहेत ते मोज, म्हटले. तो मोजू लागला. दहा भरले. ते सारखे आहेत का, असे मी विचारले. तो भिंगातून पाहत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला की नाहीत. तीन केसर लांब, खाली जाऊन पुन्हा वर वळलेले. चार मध्यम उंचीचे, सरळ. आणि उरलेले तीन इतके खुरटे की ते कशासाठी असतील असे वाटावे. बहाव्याच्या फुलात मध नसतो. भुंगा येतो तो परागकणांसाठी. तो मधल्या केसरांना धरून आपले अंग जोराने थरथरवतो आणि त्या थरथरण्याने पराग झडून त्याला खायला मिळतात. त्याच वेळी लांब केसरांतले पराग त्याच्या अंगाला लागतात आणि तो ते पुढच्या फुलावर नेतो. एकाच फुलाने काही केसर पाहुण्याच्या जेवणासाठी ठेवले आहेत आणि काही स्वतःच्या वंशासाठी. हे सांगत असताना त्या मुलाने भिंग खाली ठेवले नाही. तास संपल्याची घंटा झाली, बाकीची मुले निघाली, आणि तो सुईच्या टोकाने ते तीन खुरटे केसर एकेक करून वेगळे करत बसला होता. "हे तीन मग कोणत्या कामाचे?" त्याने विचारले. मी म्हटले, आपण दोघेही शोधू. त्या दिवशी घरी येताना मेट्रोत उभे राहायलाही जागा नव्हती, खात्यात तीन महिन्यांचे पैसे जमा व्हायचे होते, आणि मी इतकी आनंदात होते की चितार ओळ आल्याचे माझ्या लक्षात आले नाही आणि मी एक स्थानक पुढे गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबतींची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक जाते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, आणि त्यांच्यासोबत त्या-त्या वर्षीच्या दुःखांवर बोट ठेवणारे बडगे नावाचे पुतळे असतात. लहानपणी मी आजोबांच्या खांद्यावरून ती पाहिली आहे. लोक आपल्या घरातली पीडा घेऊन जाण्याची विनवणी करतात, रोगराई, खोकला, महागाई, ज्याला जे सुचेल ते. या वर्षी आई आणि मी गल्लीच्या तोंडाशी उभ्या होतो. ढोलांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हते. पिवळी मारबत आमच्यासमोरून जात असताना आईचे ओठ हलताना मला दिसले, म्हणून मी कान तिच्याजवळ नेला. ती अगदी हळू, स्वतःशीच म्हणत होती, "माह्या पोरीची काळजी घेऊन जा गे मारबत." मी ऐकले, हे तिला कळू दिले नाही.

बहाव्याच्या शेंगा हातभर लांब असतात आणि पिकून काळ्या व्हायला त्यांना जवळजवळ वर्ष लागते. नवी फुले येतात तेव्हा जुन्या शेंगा अनेकदा त्याच फांदीवर लोंबत असतात. २०२३ च्या हिवाळ्यात मी माझ्या झाडाखाली पडलेली एक शेंग घरी आणली. ती फोडली की आत नाण्यांसारखे आडवे पडदे आणि त्यांच्यामध्ये काळा, चिकट मगज असतो, ज्याचा पोट साफ करण्यासाठी आजोबा उपयोग करीत. बी तांबूस, चपटे आणि दगडासारखे टणक. तसेच पेरले तर ते महिनोन्महिने मातीत पडून राहते. मी सात बिया काचपेपरवर कडेने घासल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या, आणि गच्चीवरच्या तेलाच्या डब्यात पेरल्या. तीन उगवल्या. एक रोप उन्हाने गेले, एक माकडांनी उपटले. उरलेले रोप यंदा जुलैपर्यंत माझ्या कमरेइतके झाले, आणि डब्याच्या तळातून मुळे बाहेर येऊ लागली.

आमच्या गल्लीत झाड लावण्याइतकी मोकळी जमीन नाही. बाबांनी काटोलच्या काकांना विचारले, आणि त्यांनी बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जागा देऊ केली. एका रविवारी आम्ही ते रोप ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीने घेऊन गेलो. बाबांनी खड्डा खणला, मी मुळे मोकळी केली, काकांनी कुंपणाच्या बाभळीच्या काट्या आणून भोवती रोवल्या. माती दाबताना बाबांनी विचारले की याला फूल कधी येईल. मी म्हटले, बियांपासूनचे आहे, बरीच वर्षे लागतील, कदाचित आठ, कदाचित दहा. ते काही बोलले नाहीत. हात धुऊन त्यांनी शर्टाच्या खिशातून आपली लहान डायरी काढली, जिच्यात ते रोज क्विंटल, भाव आणि तोलाई लिहितात, आणि धुऱ्यावर उकिडवे बसून तारीख घातली. खाली लिहिले: बहावा, नग १, काटोल. मग थोडे थांबून त्यांनी काकांना विचारले की पाऊस उघडला तर पुढचे पाणी कोणत्या दिवशी द्यायचे, आणि ती तारीखही लिहून घेतली.